दगडाची स्थितिस्थापकता आणि किल्लारीची पहाट



बीड जिल्ह्यांतील केजच्या बाजूस आपण कधीं गेलां असाल, तर काळ्या दगडाच्या हात-दीड हात रुंद भिंती आणि त्यांवर मातीचें जाड माळवद अशीं जुनीं घरें आपल्या दृष्टीस पडलीं असतील. अशा घराकडे पाहिलें कीं हें कालत्रयींहि हलणार नाहीं, असेंच वाटतें. दगड म्हणजे कठीणपणाची परिसीमा, असें आपली भाषाहि मानते; म्हणून तर न बदलणाऱ्या शब्दाला आपण काळ्या दगडावरची रेघ म्हणतों. परंतु पदार्थविज्ञान सांगतें कीं दगडहि दाबला जातो, ताणला जातो, लवतो, आणि भार काढला कीं पूर्ववत् होतो. या गोष्टीचा शोध कसा लागला आणि तिची किंमत मराठवाड्यानें कशी मोजली, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

लंडनच्या रॉयल सोसायटींत प्रयोग दाखविण्याचें काम रॉबर्ट हूक नांवाच्या एका कल्पक पुरुषाकडे होतें. त्यानें लांब तारा टांगल्या, त्यांना क्रमाक्रमानें वजनें लावलीं आणि प्रत्येक वेळीं तार किती वाढते तें मोजलें. वजन दुप्पट तर वाढ दुप्पट, वजन तिप्पट तर वाढ तिप्पट. वजन उतरविलें कीं तार पुन्हां मूळ लांबीवर! शोधाचा मान दुसऱ्यानें पळवूं नये, म्हणून १६७६ सालीं त्यानें हा नियम एका लॅटिन वाक्याचीं अक्षरें वर्णानुक्रमें मांडून कोड्याच्या रूपानें छापला, आणि १६७८ सालीं त्याचा उलगडा केला. विशेष हें कीं, हा गुण केवळ धातूच्या तारेंत नसून लांकूड, दगड, भाजलेली माती, हाडें आणि कांच यांतहि आहे, असें त्यानें त्याच वेळीं सांगून ठेविलें.

पुढें फ्रान्समध्यें कोशी या गणितज्ञानें १८२२ च्या सुमारास या विचाराला रेखीव रूप दिलें. पदार्थाच्या आंत दर चौरस एककावर जो जोर पडतो त्यास आपण प्रतिबल म्हणतों. आणि त्यामुळें मूळ लांबीच्या प्रमाणांत जो फरक पडतो तिला विकृति म्हणतों. प्रतिबल वाढेल तशी विकृति वाढते. पण एका मर्यादेपर्यंतच. ती ओलांडली कीं पदार्थ एक तर कायमचा वाकतो, नाहीं तर तुटतो. पिंजाऱ्याची धनुकली आठवा. ताणलेली तांत कांहीं काळ गप्प असते. तिच्यांत सांठविलेलें बळ डोळ्यांना दिसत नाहीं. पिंजारी ती सोडतो, आणि क्षणांत कापूस उधळून जातो.

मग जमिनीच्या पोटांतील खडकांतहि असेंच बळ सांठत असेल काय? या प्रश्नाचें उत्तर अमेरिकेंत मिळालें. ता. १८ एप्रिल १९०६ रोजीं सॅन फ्रान्सिस्कोला मोठा भूकंप झाला. भूमीच्या एका लांबलचक भेगेच्या दोन बाजू परस्परांवरून सरकल्या. एके ठिकाणीं तर सरळ रस्ता सुमारे ६ मीटर बाजूला गेला. हॅरी फील्डिंग रीड या अभ्यासकानें भूकंपापूर्वींच्या कित्येक दशकांतील जमीनमोजणी नंतरच्या मोजणीशीं ताडून पाहिली. भेगेपासून दूरचे बिंदु आधींपासूनच हळूहळू सरकत होते, भेग मात्र घट्ट धरून बसली होती. मधला खडक धनुकलीसारखा लवत गेला होता. मर्यादा संपली तेव्हां भेग सुटली आणि खडकानें उसळी घेतली. १९१० सालीं रीडनें मांडलेला हा सिद्धान्त म्हणजे हूकच्या तारेचीच कथा. तार तेवढी शेंकडों किलोमीटरांची!

आतां आपल्या मुलुखाकडे वळूं. दख्खनचें पठार म्हणजे प्राचीन, स्थिर भूमि, अशी समजूत फार दिवस होती. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानें तिला धक्का दिला. तरीहि लातूरचा भाग देशाच्या भूकंप-नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या वर्गांतच राहिला. वास्तविक भारतभूमीचा हा प्रचंड तुकडा दर वर्षीं सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत हिमालयाला रेटतो आहे. त्या रेट्याचें प्रतिबल पठाराच्या पोटांतहि पोंचतें. १९९२ सालींच किल्लारीच्या परिसरांत लहान धक्के बसले होते. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं, तेथील खडकाची मर्यादा संपली. केजपासून किल्लारी सरळ रेषेनें १०० किलोमीटरांच्या आंतच आहे. नंतर तेथें भूमीला छिद्र पाडून पाहिलें, तेव्हां काळ्या दगडाचा थर ३३८ मीटर जाडीचा भरला. ज्या दगडावर आपण रेघ ओढतों, तो एवढा जाड असूनहि भूमीला थोपवूं शकला नाहीं.

त्या पहाटे ८ ते १० हजार माणसें गेलीं. भूकंपाचें मान ६.२ होतें, जगांत याहून मोठे भूकंप याहून कमी बळी घेऊन गेले आहेत. मग एवढा संहार कां? उत्तर पुन्हां प्रतिबलांतच आहे. दगड दाब उत्तम सोसतो, ताण मात्र त्याच्या दशांशहि सोसवत नाहीं. आणि दोन दगडांमधील चिखल तर जवळजवळ मुळींच ताण सोसत नाहीं. भिंत उभी असते तोंवर तिच्यावर दाब असतो, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पण भूमि आडवी हलली कीं भिंतीला ताण बसतो. तिचे आंतले व बाहेरले दोन पदर एकमेकांपासून सुटतात, आणि वरचें माळवद जितकें जड, तितका हिसका मोठा. ज्या घरांत लांकडी खांब-तुळयांचा सांगाडा धड होता, तेथें अनेक ठिकाणीं भिंती बाहेर ढांसळल्या तरी सांगाडा उभा राहिला. कारण लांकूड लवतें आणि परत येतें.

पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं, आणि २००२ सालीं भूकंप-नकाशांतून तो सर्वांत कमी धोक्याचा वर्गच काढून टाकण्यांत आला. परंतु जुनीं घरें मराठवाड्यांत अजून पुष्कळ आहेत. भिंतीच्या दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड घालावे, चारी भिंतींना एक सलग पट्टा बांधावा, माळवदावरची माती कमी करावी, एवढ्यानेंहि पुष्कळ जीव वांचतील. घर मजबूत म्हणजे जड नव्हे. ताण सोसून परत येणारें घर तें मजबूत. भूमीच्या धनुकलीची तांत पुन्हां केव्हां व कोठें सुटेल, हें कोणासहि सांगतां येत नाहीं. आपल्या भिंतीला ताण सोसावयास शिकविणें मात्र आपल्या हातीं आहे.