जिन (शब्द)

जिन हा कापसातील सरकी व रुई वेगळी करणाऱ्या यंत्राचे नाव असलेला इंग्रजी शब्द आहे. मराठीत, विशेषतः वऱ्हाडातील अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम व यवतमाळ या जिल्ह्यांत, तो नित्य व्यवहारात रुळला आहे. इंग्रजीत हा शब्द यंत्राचा वाचक आहे. वऱ्हाडात मात्र ते यंत्र जेथे चालते तो कारखाना व त्याचे आवार असाही त्याचा अर्थ होतो. उच्चाराने सारखे, परंतु मुळाने भिन्न असे अनेक शब्द मराठीत असल्यामुळे त्यांची गल्लत होण्याचा संभव असतो.

व्युत्पत्ती

‘जिन’ हे ‘एंजिन’ या शब्दाचे आद्याक्षर गळून झालेले रूप आहे. जुन्या फ्रेंचमधील ‘आंजँ’ (कौशल्य, युक्ती, यंत्र) या शब्दावरून तो इंग्रजीत आला. त्याचे मूळ लॅटिन ‘इंजेनियम’, म्हणजे उपजत बुद्धी, हे होय. या लॅटिन शब्दातील धातू आणि संस्कृत ‘जन्’ (जन्म घेणे) हा धातू एकाच प्राचीन भारत-युरोपीय मुळापासून निघाले आहेत. मध्ययुगीन इंग्रजीत ‘जिन’चा अर्थ प्रथम चातुर्य व कावा, नंतर पशुपक्षी पकडण्याचा सापळा, आणि पुढे ओझे उचलण्याचे साधन असा बदलत गेला.

कापसाचे यंत्र

एली व्हिटनी या अमेरिकन संशोधकाने १७९३ मध्ये दातेरी जिन तयार केले; १७९४ मध्ये त्याला त्याचे एकस्व मिळाले. त्यामुळे अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाची लागवड झपाट्याने वाढली आणि तिच्याबरोबर गुलामांचे श्रमही वाढले. भारतात लाटांमधून कापूस ओढून सरकी मागे ठेवणारे लाकडी हातयंत्र फार प्राचीन काळापासून वापरात होते. फोन्स मॅकार्थी याने १८४० मध्ये एकस्व घेतलेले जिनही लाटेच्याच तत्त्वावर चालणारे होते. भारतात पुढे मुख्यतः याच जातीची यंत्रे स्थिरावली.

वऱ्हाडातील रूढी

१८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून ब्रिटिशांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाची मागणी वाढली. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोहोचला. त्यानंतर अमरावती, अकोला, खामगाव अशा बाजारगावी वाफेवर चालणारे कारखाने उभे राहिले आणि यंत्राबरोबर त्याचे नावही लोकांच्या तोंडी आले. ‘जिनिंग’ (सरकी काढणे) व ‘प्रेसिंग’ (रुईच्या गाठी बांधणे) हे त्याचे सोबती शब्द होत. ग्रांथिक मराठीत जिनिंगला ‘रेचाई’ असा प्रतिशब्द आहे; बोलण्यात मात्र ‘जिनिंग’च अधिक ऐकू येतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने जिन हे हिशेबाचे ठिकाण आहे. एक क्विंटल कापसातून साधारणतः ३३ ते ३५ किलो रुई निघते. उरलेला भाग मुख्यतः सरकीचा असतो. शेतकरी कापूस विकतो, पण त्यातील रुईचा नेमका उतारा जिनातच कळतो. वजन व भेसळ यांवरील नियंत्रणासाठी १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा स्वतंत्र कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण व क्रमांक असणे आवश्यक ठरले.

जिनातील श्रमिकांमध्ये स्त्रियांची संख्या मोठी राहिली आहे. काम हंगामी असल्याने त्यांना कायद्याचे संरक्षण उशिरा मिळाले. ब्रिटिश हिंदुस्थानातील १८८१ चा पहिला कारखाना कायदा वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी काळ चालणाऱ्या कारखान्यांना लागू नव्हता. असे हंगामी कारखाने १९११ च्या कायद्याने त्याच्या कक्षेत आले.

समोच्चारी शब्द

जिन (मद्य): डच ‘येनेव्हर’वरून, मूळ लॅटिन ‘युनिपेरस’, म्हणजे जुनिपर हे झुडूप.

जीन (कापड): इटलीतील जिनोआ या शहराच्या फ्रेंच नावावरून.

जीन (घोड्याचे खोगीर): फारसी ‘झीन’वरून.

जिन (तीर्थंकर): संस्कृत ‘जि’ (जिंकणे) या धातूपासून. ‘जैन’ हा शब्द यावरूनच झाला.

जिन्न (अदृश्य योनी): अरबी, मूळ धातूचा अर्थ ‘झाकणे’.

जीन (जनुक): ग्रीक ‘गेनोस’ (वंश) या शब्दावरून १९०९ मध्ये योहान्सेन या डॅनिश शास्त्रज्ञाने बनवलेली संज्ञा.

यांपैकी केवळ शेवटचा शब्द कापसाच्या ‘जिन’चा दूरचा नातलग ठरतो. दोहोंचे मूळ ‘जन्’शी जुळते आणि मराठी ‘जनुक’ही त्याच धातूपासून घडवला आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला भारतात परवानगी मिळाली. तेव्हापासून वऱ्हाडाच्या कापूसव्यवहारात हे दोन्ही शब्द एकत्र आले आहेत: एक बियाण्याच्या पिशवीत, तर दुसरा कापूस जेथे रिकामा होतो त्या आवारात.