अहमदाबादचा मूग सिंथेसायझर (१९६९-७२) : स्वयंप्रवाही ध्वनी आणि इतिहासाच्या साधनांचा प्रश्न

प्रस्तावना :

पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या अखेरच्या काळातील वास्तव्यामुळे नाशिककरांना त्यांचे नाव घरचे वाटते. पं. पलुस्कर व पं. भातखंडे यांनी आपापल्या स्वरलिपी सिद्ध केल्या त्या बंदिश कागदावर टिकावी म्हणून. लिखित बंदिश हे संगीताच्या इतिहासाचे एक प्रमुख साधन, ही धारणा त्यामुळे आपल्याकडे दृढ झाली. परंतु ज्या संगीतात लिहिण्यासारखी बंदिशच नाही, वादकाने हात काढून घेतल्यावरही जे वाद्य आपणहून ध्वनी घडवीत राहते, त्याचा इतिहास कशाच्या आधारे लिहावयाचा? अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एन.आय.डी.) १९६९ ते १९७२ या काळात झालेल्या प्रयोगांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार येथे केला आहे. १९६० पर्यंत अहमदाबाद व नाशिक एकाच मुंबई राज्यात होते. तरीही या प्रयोगांची दखल घेणारे मराठी लेखन प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेले नाही.

पार्श्वभूमी :

पखवाजवादक गीता साराभाई १९४६ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या असता जॉन केज या संगीतकाराशी त्यांचा परिचय झाला. त्यांनी केज यांना भारतीय संगीताची ओळख करून दिली व त्यांच्याकडून पाश्चात्त्य समकालीन संगीत समजून घेतले. केज यांचे निकटचे सहकारी, पियानोवादक डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ मध्ये एन.आय.डी.त मूग सिंथेसायझर उभारून दिला. हे घेणे एकतर्फी नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे. पश्चिमेकडून आलेले यंत्र व त्याचे अनुकरण करणारे आपण, अशी मांडणी येथे अपुरी ठरते.

फीडबॅकची कार्यपद्धती :

रॉबर्ट मूग यांचे हे मॉड्युलर वाद्य १९६४ मध्ये प्रथम पुढे आले. त्यातील आंदोलक, गाळणी, ध्वनिवर्धक हे घटक सुटे असतात आणि वायरींनी जोडल्याशिवाय त्यांतून संगीत निघत नाही. वायरींची जुळणी हीच रचना. यात एखाद्या घटकातून बाहेर पडणारा विद्युत्संकेत पुन्हा आधीच्या घटकाच्या प्रवेशद्वाराशी नेऊन सोडला की फीडबॅकचे वर्तुळ पूर्ण होते. (अध्यापनशास्त्रात आपण ज्याला प्रत्याभरण म्हणतो तोच हा शब्द, मात्र येथे शिकणारे यंत्र नव्हे, ऐकणारा असतो.) टेपच्या बाबतीत मुद्रणशीर्ष व वादनशीर्ष यांत थोडे अंतर असल्याने आवाज किंचित उशिरा परततो, पुन्हा मुद्रित होतो आणि प्रत्येक फेरीत थोडा बदलतो. परतणारा अंश कमी असेल तर तो विरत जातो. जास्त झाला तर फुगत जाऊन यंत्राच्या क्षमतेपाशी अडतो. या दोन टोकांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत आवाज स्वतःहून रूपे पालटत राहतो. वादकाचे काम त्याला तेथे टिकविण्याचे. उपलब्ध ध्वनिमुद्रणांत ट्यूडर यांची 'टेप फीडबॅक विथ मूग' या नावाची मुद्रणे आहेत.

मिरजेचा तानपुरा ऐकत वाढलेल्या कानाला हे सर्वस्वी परके वाटू नये. जवारीच्या दोऱ्याने घोडीवर तार अशी टेकते की एका तारेतून अनेक स्वरांशांचा सतत पालटणारा पट उलगडतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हा फीडबॅक नव्हे, आणि दोहोंना एकच म्हणणे ही चूक होईल. साम्य आहे ते ऐकण्याच्या सवयीत. आय. एस. माथुर यांच्या एका रचनेचे नाव 'वन्स आय प्लेड अ तानपुरा' असे आहे, हे या दृष्टीने बोलके आहे.

साधनांचा प्रश्न :

वायरी उपसल्या की रचना संपते. त्यामुळे गीता साराभाई, माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांच्या कामाचा मुख्य पुरावा म्हणजे टेप. या टेप्स संस्थेच्या संग्रहात अनेक दशके दुर्लक्षित राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांनी त्यांचा शोध घेतला; २०२० मध्ये त्यांवर बीबीसी रेडिओ ३ वर कार्यक्रम झाला आणि २०२३ मध्ये 'द एनआयडी टेप्स' हा संग्रह प्रकाशित झाला. म्हणजे या काळाचा इतिहास सुमारे पन्नास वर्षे एका संग्रहातच पडून होता.

तथापि टेपही पूर्ण साक्षीदार नाही. कोणती वायर कोठे होती, हात कोठे थांबला आणि वर्तुळ आपले आपण कोठे चालू लागले, हे नुसत्या ऐकण्यातून निश्चित करता येत नाही. बखरीचा कर्ता ठरविताना जी अडचण येते तिच्याहून ही निराळी आहे. येथे कर्त्याचे नाव ठाऊक असूनही त्याचे कर्तृत्व किती, हा प्रश्न उरतो.

पूर्वी ज्या एका महाविद्यालयात प्रस्तुत लेखक अध्यापन करीत होता, तेथे जुन्या सामानाच्या निर्लेखनात काही स्पूल भंगारात निघाले. त्यांवर काय मुद्रित आहे हे पुसट चिठ्ठ्यांवरून कळत नव्हते, आणि ऐकण्यासाठी लागणारे यंत्र त्याआधीच्या वर्षी निर्लेखित झाले होते.