वाकळेतलं लुगडं आणि सणाचं बोलावणं

मैत्रिणींनो, हातातलं काम सोडू नका. शेंगा फोडत असाल तर फोडत राहा, भाजी निवडत असाल तर निवडत राहा आणि ऐका. आज मी इतिहास सांगणार आहे. घाबरू नका, परीक्षा नाही.

कुरुंदवाडचा इतिहास म्हटलं की आपल्याला ठरलेल्या गोष्टी सांगतात. इथं पटवर्धनांचं संस्थान होतं, ते १९४८ साली विलीन झालं. संगमाजवळ सेनापती संताजी घोरपड्यांची समाधी आहे. या संस्थानात घोडे शिकवणाऱ्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली भारतातली पहिली सर्कस उभी केली. हे सगळं खरं आहे आणि त्याचा अभिमान आहेच. पण या इतिहासात आपली आजी कुठं आहे, पणजी कुठं आहे? मला विचाराल तर ती ट्रंकेत घडी घालून ठेवलेल्या वाकळेत आहे.

आमच्या घरी उन्हाळ्यात वाकळ पडायची. ऊस तुटून गेला, शाळू आणि हरभरा घरात आला की आजी सोपा सारवून घ्यायची. सारवण वाळलं की जुनं लुगडं पसरायचं, त्यावर फाटकी धोतरं, पटक्याचे तुकडे, झिजलेल्या साड्या असे थर लावायचे. वर आणि खाली जरा धड असलेलं लुगडं घालायचं. चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, म्हणजे कापड सरकत नाही. मग कडेपासून धावदोरा घालत घालत आत मधोमध यायचं. एकटीनं बसलं तर पाठ मोडते, म्हणून शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसायच्या. शेतात भांगलणीला जसा पैरा असतो, तसाच वाकळेलाही पैरा. आज तुझी, उद्या माझी. मजुरी कुणी मागत नव्हतं आणि पैरा कुणी बुडवतही नव्हतं.

आपण वाकळ म्हणतो, पुण्याकडं गोधडी म्हणतात. आपल्या पलीकडं कन्नड भागात तिला कौदी म्हणतात आणि बंगालात कांथा. नावं वेगळी असली तरी रीत एकच, जुनं कापड टाकायचं नाही, टाके घालून परत उभं करायचं. दूर अमेरिकेतही असंच झालं. एड्सच्या साथीत माणसं गेली, तेव्हा त्यांच्या घरच्यांनी आणि मित्रांनी प्रत्येकाच्या नावाचा एक कापडी तुकडा शिवला, तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे माणसाच्या थडग्याएवढा. १९८७ साली ते सगळे तुकडे जोडून राजधानी वॉशिंग्टनच्या मैदानावर अंथरले. ज्या आजाराचं नाव घ्यायला लोक लाजत होते, त्यात गेलेल्यांची नावं अशी सगळ्यांसमोर आली.

आमच्या आजीच्या वाकळेवर नाव लिहिलेलं नव्हतं, पण तिला प्रत्येक तुकडा पाठ होता. हे सासूबाईंचं इरकल, हा मामंजींचा पटका, हे माझ्या धाकट्या जावेचं लुगडं, ती बाळंतपणात गेली. रात्री आम्ही पोरं त्या वाकळेत शिरलो की आजी बोटानं तुकडे दाखवत माणसं सांगायची. आमच्या घराण्याची वंशावळ मी कागदावर कधी वाचली नाही, ती मी पांघरली.

आता नदीकडं येऊ. आपल्या शिरोळ तालुक्याला कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्या आहेत. पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला मिळते आणि कुरुंदवाड तिथून हाकेच्या अंतरावर आहे. या पाण्यानं काळी जमीन दिली, ऊस दिला, भाजीपाला दिला. वाडीला दत्ताच्या पादुकांवरून पाणी वाहायला लागलं की दक्षिणद्वार सोहळा होतो, लोक श्रद्धेनं स्नानाला येतात. पण तेच पाणी आणखी चढलं की आपल्याला जनावरं सोडून बाहेर काढावी लागतात. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही सालचे महापूर आपल्यातल्या बहुतेकींनी डोळ्यांनी पाहिलेत. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं.

२०१९ चा पूर नेमका सणासुदीत आला. ५ ऑगस्टला नागपंचमी होती. पंचमी म्हणजे माहेरवाशिणीचा सण. मेंदी, झोका, लाह्या आणि चिखलाचा नाग. त्या वर्षी माहेरी आलेल्या लेकी भावाबरोबर म्हशींचे कासरे धरून छावणीच्या वाटेला लागल्या. राखीपौर्णिमा १५ ऑगस्टला आली, ती कितीजणींनी शाळेच्या वर्गात नाहीतर पाहुण्यांच्या घरी केली. पाणी उतरल्यावर घरी आलो तर भिंतीवर छातीएवढी चिखलाची रेघ. धान्याला कोंब आलेले. रस्त्याच्या कडेला गाद्या, कपडे आणि वाकळांचे ढीग. चिखल प्यालेली वाकळ दोघींना उचलत नाही. आमच्या आजीची वाकळ मी त्याच ढिगात टाकली. सहा बायकांची लुगडी त्यात होती. टाकताना मी रडले नाही, कारण वेळ नव्हता. रडू गौरीच्या दिवशी आलं.

२ सप्टेंबरला गणपती बसले आणि ५ तारखेला गौरी आल्या. भिंती ओल्याच होत्या. काहीजणी म्हणाल्या, यंदा गौर कशी आणायची, बसवायला कोरडी जागा नाही. तरी आणली. पाणवठ्यावर जाऊन तेरड्याच्या डहाळ्या आणल्या, ज्या नदीनं घर नेलं तिथूनच आणल्या. नैवेद्याला भाजी-भाकरी केली. त्याच दिवसांत मोहरमही होता. आपल्या कुरुंदवाडात मशिदींत गणपती बसवायची रीत आहे हे तुम्हाला माहीत आहे. त्या साली एकाच छताखाली गणपती होते आणि पीरही होते. मोहरम हा तर दुःखाचाच सण, त्यात गेलेल्यांची आठवण काढतात. पुरानंतरच्या त्या महिन्यात मला कळलं की दुःख बाजूला ठेवून सण करावा लागतो असं नाही. दुःख मांडीवर घेऊनही सण करता येतो.

पुरानंतर मदत आली. त्यात जुन्या साड्याही खूप आल्या, नेसता येणार नाहीत अशा. त्या टाकायच्या म्हणून आम्ही गठ्ठा बांधत होतो. आमच्या गटातली एक बाई म्हणाली, टाकू नका, वाकळा घालू. तिचं नाव मी घेत नाही, आपण तिला काकी म्हणू. काकींचा हात वाकळेला चांगला. आम्हा तिशीतल्या पोरींना टाका सरळ येत नव्हता. काकींनी शिकवलं. दुपारी दोन तास आम्ही बसायचो. कुणाच्या साड्या होत्या ठाऊक नाही. कुठल्या तरी गावच्या, कुठल्या तरी बायकांच्या. त्यांच्या साड्या अंगावर घेऊन आम्ही तो हिवाळा काढला. माझ्या घरी आज आहे ती वाकळ काकींच्या हातची.

आता जे सांगते ते माझ्या चुकीचं आहे.

आपल्याकडं घरात माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत. पुरण घालत नाहीत, तळण काढत नाहीत. पण शेजारपाजार त्या घराला उपाशी ठेवत नाही. दिवाळीला, पाडव्याला चार घरच्या पोळ्या आणि फराळ त्या घरात जातो. पाहुणे येतात, तोंड गोड करतात, दुखवटा काढतात. फार शहाणी रीत आहे ही. दुःखाला वर्षाची मुदत दिली आणि त्या वर्षात माणसाला एकटं सोडलं नाही. घरातल्या सगळ्यांचं वर्ष फिरलं की संपतं. फक्त जिचा नवरा गेला तिचं वर्ष संपत नाही. तिनं पोळ्या लाटाव्यात, रांगोळी काढावी, लग्नातल्या नवरीसाठी वाकळ घालून द्यावी, पण हळदी-कुंकवाला तिला बोलावणं नाही. ओटी भरायला ती चालत नाही.

जानेवारी २०२० ला संक्रांतीचा हळदी-कुंकू कार्यक्रम गटानं ठेवला. पुरानंतरचा पहिलाच कार्यक्रम, म्हणून हौसेनं केला. वाण म्हणून डबे आणले, कारण सगळ्यांचे डबे वाहून गेले होते. बोलावण्याची यादी मी वहीत लिहिली. लिहिताना तीन नावं गाळली. तिघींचे नवरे नाहीत. मला कुणी गाळा म्हणून सांगितलं नव्हतं. माझा हात आपोआप पुढच्या नावावर गेला. मी बीए झालेली, गटाची समन्वयक, बायकांच्या हक्कांवर बोलणारी.

पुढच्या बचतीच्या बैठकीला काकी आल्या. नेहमीसारखे पैसे मोजून माझ्यासमोर ठेवले आणि शांतपणे म्हणाल्या, "बाई, माझं पैसं चालत्यात न्हवं गटात? मग मी का चालत न्हाई?" मला उत्तर देता आलं नाही. मी पावती लिहिली आणि खाली मान घातली. घरी आले तर त्यांनीच घातलेली वाकळ कॉटवर होती.

ही रीत आजची नाही आणि तिच्याशी भांडणंही आजचं नाही. विधवेला पुन्हा लग्न करायची कायद्यानं परवानगी १८५६ साली मिळाली. आपल्याकडं बऱ्याच जातींत पाट लावायची रीत आधीपासून होती, पण पाटाच्या बाईला मान कमीच. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात स्वतःच्या घरात विधवांच्या बाळंतपणासाठी आसरा काढला. आपल्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली पुनर्विवाहाचा कायदा केला. आणि पुढच्याच वर्षी ते दुःख त्यांच्या घरात आलं. धाकटे राजपुत्र शिवाजी १९१८ साली शिकारीच्या अपघातात गेले. सून इंदुमतीदेवी तेव्हा बारा-एक वर्षांच्या, लग्नाला जेमतेम एक वर्ष झालेलं. महाराजांनी त्या मुलीला कोपऱ्यात बसवलं नाही. सोनतळीला तिच्या शिक्षणाची सोय केली, बरोबर शिकायला इतर मुलीही ठेवल्या. घरच्यांचा विरोध असताना केली. त्याच इंदुमती राणीसाहेबांनी पुढं कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणाचं आणि बायकांच्या हस्तकलेचं मोठं काम केलं.

शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी गेले. त्याला शंभर वर्षं होत असताना, ४ मे २०२२ रोजी आपल्या शेजारच्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं एक ठराव केला. सरपंच होते सुरगोंडा पाटील. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत आणि तिला समारंभातून वगळायचं नाही, असा तो ठराव. १७ मे रोजी राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही असं करावं असं सांगितलं. आपल्या तालुक्यातल्या एका गावाचं नाव सगळ्या देशात गेलं.

तो ठराव मी आमच्या बैठकीत वाचून दाखवला. अडीच वर्षं जे बोलायला मला तोंड नव्हतं, ते बोलायला कागद मिळाला. आधी मी माझी चूक सांगितली, वही उघडून गाळलेली नावं दाखवली. एक म्हातारी म्हणाली, रीत मोडली की घरावर येतं. तिच्यावर हसू नका. तिनं आयुष्यभर तेच ऐकलं आहे. मी काकींना म्हटलं, यंदा तुम्ही कुंकू लावा. त्यावर त्या म्हणाल्या, "मला कुकू नगं. सवय मोडलीया. मला बोलावणं पाहिजे." मी परत शिकले. कुंकू लावायचं की नाही हे तिचं तिनं ठरवायचं. बोलावणं देणं मात्र आपलं काम.

सप्टेंबर २०२२ च्या गौरीला आम्ही तिघींना घरी जाऊन बोलावणं दिलं. एका घरानं त्या रात्री आपल्या सुनेला पाठवलं नाही. बाकी सगळ्या आल्या. काकी दाराजवळच बसल्या, आत यायला तयार नव्हत्या. झिम्मा सुरू झाला. मधेच गाणं अडलं, आम्हा पोरींना पुढची ओळ येईना. दाराजवळून काकींनी ती उचलली. मग कुणीतरी त्यांचा हात धरून त्यांना आत घेतलं. एवढंच झालं. ठरावानं रात्रीत गाव बदलत नाही, पण त्या रात्री गाणं पूर्ण झालं.

मैत्रिणींनो, सण जवळ आलेत. दोन कामं सांगते, पैसे लागत नाहीत. पहिलं, घरात जुनी वाकळ असेल तर आजीला किंवा सासूबाईंना विचारा, यातलं कुठलं लुगडं कुणाचं. नावं वहीत लिहून ठेवा आणि वही उंचावर ठेवा, पुन्हा पाणी आलं तर वाकळ जाईल, नावं राहतील. दुसरं, हळदी-कुंकवाची यादी करताना शेजारी बचतीची वही उघडा. दोन्हीतली नावं मोजा. बचतीत वीस आणि बोलावण्यात सतरा निघाली, तर उरलेल्या तिघींच्या दारात आधी जा.