तीन बंदुकांचे बोधचिन्ह

इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी तेथील बंदूक-कारागिरांनी, यंत्रबळाने शस्त्रनिर्मिती करता यावी म्हणून, १८६१ साली 'बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स' अर्थात बीएसए ही जी कंपनी स्थापिली, तिने पुढे सायकली आणि १९१०मध्ये पहिली मोटारसायकल लोकांपुढे आणली, तरी दस्त्यांवर उभ्या करून एकमेकींना टेकविलेल्या तीन बंदुकांची आपली मूळ निशाणी सोडली नाही. नोव्हेंबर १९४०मध्ये स्मॉल हीथ येथील तिच्या कारखान्यावर बाँब पडून ५३ कामगार मृत्युमुखी पडले. परंतु युद्धोत्तर काळात याच कारखान्याच्या गाड्या देशोदेशी पोहोचल्या.

१९५०च्या दशकात त्यांपैकी अनेक गाड्यांच्या टाकीवर पारदर्शक प्लॅस्टिकचे वर्तुळाकार बोधचिन्ह विराजमान झाले. त्याचा रंग मागील बाजूने भरलेला असल्यामुळे दर्शनी पृष्ठभाग काचेसारखा तकतकीत दिसे. मात्र उन्हापावसाने तो धुरकटतो आणि स्क्रूच्या छिद्रांभोवती तडकतो. म्हणून नवे चिन्ह बसविताना टाकीवरील आट्यांतला गंज व रंग काढून, मूळ लांबीचेच स्क्रू घेऊन, ते आळीपाळीने व हलक्या हाताने आवळावे लागतात. अधिक जोर केल्यास नवे प्लॅस्टिकही तत्काळ भंगते.

१९७३मध्ये या कंपनीचे स्वतंत्र अस्तित्व संपुष्टात आले. तेव्हा जुनी गाडी बाळगणाऱ्याने नवे चिन्ह अवश्य लावावे. पण उतरविलेले जुने चिन्ह भंगारात न टाकता गाडीच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवावे, कारण तोही त्या कारखान्याचा एक अस्सल दस्तऐवज आहे.