सुटं बोट

आमच्या हायस्कूलला धड मैदान नव्हतं, पण तालीम होती. म्हणजे तालीम गावची, मारुतीच्या देवळामागची. शाळेनं ती पहाटेपुरती उसनी घेतलेली. साल १९७४. मी नववीत होतो. कराड तालुक्यातलं कृष्णाकाठचं आमचं गाव, आणि शाळेच्या कुस्ती संघात आम्ही सात पोरं.

तालमीचे नियम कुठं लिहिलेले नव्हते. चपला उंबऱ्याबाहेर काढायच्या. आत आलं की आधी मारुतीच्या पाया पडायचं, मग हौद्यातली माती कपाळाला लावायची. हौदा उकरायचं काम पाळीपाळीनं. त्यात बागायतदाराचं पोर आणि मजुरीला जाणाऱ्याचं पोर असा भेद नाही. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू पडायचं, सणासुदीला कापूर. आणि झोंबायच्या आधी दोघांनी एकमेकांच्या अंगावर माती टाकायची. बघणाऱ्याला वाटतं ही नुसती रीत आहे. खरं तर घामानं निसटणारं अंग पकडीत यावं, म्हणून ती माती. आपल्याला धरता यावं एवढी सोय समोरच्याला आपणच करून द्यायची.

वस्तादांचं एक वाक्य ठरलेलं. “धरायचा तर पंजा धर. सुटं बोट धरायचं न्हाई. कुस्ती घटकाभराची, बोट जल्माचं.”

आमच्या भागात कुस्तीला मान होता, त्याला इतिहास होता. राजर्षी शाहू महाराज स्वतः कुस्ती खेळत, मल्लांना पोसत. कोल्हापूरचं खासबाग मैदान त्यांनीच बांधून घेतलं, ते १९१२ साली पुरं झालं. पण आम्हा पोरांचा देव जवळचा होता. सायकलच्या टप्प्यावर गोळेश्वर. तिथले खाशाबा जाधव. कराडच्या टिळक हायस्कूलात शिकले, १९४८ साली लंडन ऑलिंपिकला जाऊन सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीत ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

आमचे सर इतिहास शिकवायचे आणि पीटीचा तासही तेच घ्यायचे. खाशाबांची गोष्ट ते पदकापाशी थांबवत नसत. ते सांगायचे, जपानच्या इशीशी खाशाबांची कुस्ती लांबली, दमछाक झाली. लगेच त्यांना रशियाच्या ममेदबेयोवसमोर उभं केलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी असा नियम होता, पण तो मागायला आपल्या बाजूचं कुणी तिथं हजर नव्हतं. खाशाबा हरले. सोनं इशीला गेलं, रुपं ममेदबेयोवला. सर पुस्तक मिटून म्हणायचे, “नियम होता रे. बोलणारा माणूस नव्हता.” आम्हाला वाटायचं, सर परदेशातल्या पंचांना बोल लावतायत.

त्या हिवाळ्यात तालुक्याच्या शालेय स्पर्धा आल्या. घरी अण्णांनी दोन महिने म्हशीचं सकाळचं दूध डेअरीला घातलं नव्हतं. ते माझ्या पोटात जात होतं. धाकट्या बहिणीला बिनदुधाचा चहा. जिंकून यायचं, हे कुणी बोललं नाही, पण रोज त्या तांब्यात दिसायचं.

शेवटच्या कुस्तीला माझ्यासमोर डोंगराकडच्या वाडीचं पोर आलं. काटक, काळंसावळं. त्याच्या शाळेचे मास्तर काही आले नव्हते. एसटीनं एकटाच आलेला, पिशवीत लंगोट आणि भाकरी. त्यानं वाकून माझ्या खांद्यावर माती टाकली. हलगी सुरू झाली. मी पट काढायला गेलो तर गडी जाग्यावरनं हलेना. मग त्यानं मागनं कंबर आवळली. हात सुटेनात. पंच पलीकडच्या बाजूला होता. माझ्या हाताला त्याची करंगळी लागली, आणि मी ती उलटी पिरगळली.

तो ओरडला, पकड सुटली. पुढच्या क्षणाला मी त्याला चीत केलं होतं. आमची पोरं आत धावली, मला खांद्यावर घेतलं. तो मातीत बसून करंगळी दुसऱ्या हातात धरून इकडंतिकडं बघत होता. कुणाकडं बघावं, हे त्याला कळत नव्हतं.

सर उठले. धोतराचा सोगा सावरत हौद्यापाशी आले आणि पंचांना म्हणाले, “माझ्या पोरानं बोट मोडलंय. मी बघितलंय.”

पंच गोंधळले. “सर, पोरगा तुमच्याच शाळेचा न्हवं?”

“व्हय. कुस्ती त्या पोराला द्या.”

पंचांनी त्याचा हात बघितला. करंगळी सुजून निळी झाली होती. मला खांद्यावरनं खाली उतरवलं आणि त्याचा हात वर केला. पंधरवड्यानं तो जिल्ह्याला गेला, करंगळीला चिंधी बांधून. पहिल्याच कुस्तीत हरला म्हणे. म्हणजे त्याचंही गेलं, माझंही गेलं.

घरी अण्णा पेटले. “पंचाला दिसलं न्हवतं, मग ह्यांना काय पडली हुती? आपल्याच पोराच्या मुळावर उठला मास्तर!” ते शाळेत जाऊन भांडून आले. सर ऐकून घेत राहिले. मी महिनाभर सरांशी बोललो नाही. वस्तादांनी मला आठ दिवस नुसता हौदा उकरायला लावला. जोड दिली नाही. सहा जणांच्या लढती बघत मी फावडं मारत होतो. आईनं दुसऱ्याच दिवसापासून दूध डेअरीला घालायला सुरुवात केली, त्याचा राग मात्र मला आला नाही.

हेलसिंकीची गोष्ट सर आमच्यासाठी सांगत होते, हे कळायला बरीच वर्षं गेली. परक्या मैदानात एकट्या पडलेल्या गड्याच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं, आणि आमच्या मैदानात ते एकटं पोर माझ्यासमोर होतं.

आता मॅटवर कॅमेरे असतात, वाद झाला तर मागं जाऊन बघता येतं. आमच्या जत्रेच्या फडात अजून माती आहे, आणि कुस्त्या लावायचं काम काही वर्षं माझ्याकडं आहे. जोड ठरली की मी दोन्ही पोरांची नखं बघतो, आणि मग विचारतो, “तुझ्यासंगं कोण आलंय?” कुणी नाही म्हणाला, तर आमच्याच तालमीतलं एक जाणतं माणूस त्याच्या बाजूला नेऊन बसवतो, आणि मगच हलगी वाजवायला सांगतो.