व्हाइट, गिल्बर्ट फाउलर

व्हाइट, गिल्बर्ट फाउलर : (२६ नोव्हेंबर १९११–५ ऑक्टोबर २००६). अमेरिकन भूगोलज्ञ. पूर, पाणीपुरवठा व नैसर्गिक आपत्ती यांवरील संशोधनाबद्दल प्रसिद्ध. विसाव्या शतकाच्या मध्यास प्राकृतिक भूगोल व मानवी भूगोल या शाखा एकमेकींपासून दुरावत असताना दोहोंना एकाच प्रश्नावर कामाला लावणारे अभ्यासक म्हणून त्यांचे स्थान फार वरचे आहे. नदीला किती पाणी येते हे मोजायचे आणि त्या पाण्याच्या वाटेत माणसे का राहतात हेही विचारायचे. एकाचे उत्तर दुसऱ्यावाचून अपुरे, ही त्यांची भूमिका सुमारे सात दशके कायम राहिली.

त्यांचा जन्म शिकागोचा. बालपणीचे उन्हाळे वायोमिंगमधील गुरांच्या कुरणांवर गेले. शिक्षण शिकागो विद्यापीठात झाले (बी.एस. १९३२, एम.एस. १९३४, पीएच.डी. १९४२). तेथील प्राध्यापक हार्लन बॅरोज यांनी १९२२ मध्ये अमेरिकन भूगोलज्ञांच्या संघटनेपुढील अध्यक्षीय भाषणात भूगोल म्हणजे मानवी परिस्थितिविज्ञान होय, असे प्रतिपादन केले होते. भूरूपशास्त्र व हवामानशास्त्र भूगोलातून जवळजवळ वगळण्याचा बॅरोज यांचा सूर मात्र व्हाइट यांनी स्वीकारलेला दिसत नाही. गुरूंची दृष्टी त्यांनी घेतली आणि नदीचे जलशास्त्रही सोडले नाही.

वॉशिंग्टनमधील वर्षे : १९३४ मध्ये बॅरोज यांच्यामुळे व्हाइट वॉशिंग्टनला आले. रूझवेल्ट प्रशासनाच्या मिसिसिपी खोरे समितीत आणि नंतर राष्ट्रीय साधनसंपत्ती नियोजनाच्या यंत्रणेत त्यांनी काम केले. पुढे अंदाजपत्रक विभागात पाणीविषयक विधेयकांची छाननी त्यांच्याकडे आली. १९२७ चा मिसिसिपीचा महापूर लोकांच्या स्मरणात ताजा होता. मार्च १९३६ मध्ये ईशान्येकडील राज्यांत मोठे पूर आले आणि त्याच वर्षी जूनमध्ये पूरनियंत्रण कायदा संमत झाला. या कायद्याने पूरनियंत्रण ही संघराज्याची जबाबदारी मानली, आणि खर्चापेक्षा लाभ अधिक असल्यास बांधकाम करावे अशी कसोटी घातली. व्हाइट यांना ही कसोटी अरुंद वाटली. १९३६ मध्येच त्यांनी पूरसंरक्षणाच्या आर्थिक समर्थनाला मर्यादा कोठे पडतात यावर लेख लिहिला. तुलना धरण बांधणे आणि न बांधणे या दोनच पर्यायांत होते, तिसऱ्या-चौथ्या पर्यायाची किंमत कोणी काढतच नाही, हा त्यांचा आक्षेप होता. अभियंत्यांच्या कामाला त्यांचा विरोध होता असा समज आढळतो, पण तो बरोबर नाही. धरण व तटबंध त्यांच्या यादीत आहेतच. यादी तेथे संपू नये एवढेच त्यांचे म्हणणे.

प्रबंध : ही यादी १९४२ च्या प्रबंधात आली. १९४५ मध्ये शिकागोच्या भूगोल विभागाने तो संशोधनपत्रिका क्र. २९ म्हणून छापला. पुराशी माणूस करीत असलेली समायोजने हा त्याचा विषय. आज आपत्तिव्यवस्थापनात जे मूलभूत मानले जाते, त्याचा बराचसा भाग या प्रबंधात आहे. म्हणून तो येथे विस्ताराने देणे योग्य ठरेल. व्हाइट यांनी आठ समायोजने नोंदविली : भराव घालून जमीन उंच करणे, पाणलोटात मृद्‌संधारण व लागवड करून पूर मुळात सौम्य करणे, धरणे व तटबंध बांधणे, इशारा-स्थलांतरासारखे तातडीचे उपाय, इमारती व रस्त्यांच्या रचनेत बदल, जमिनीचा वापर बदलणे, मदतवाटप, आणि विमा.

नदीकाठच्या बाजारातील एखादे किराणा दुकान घेतले तर या पर्यायांचा अर्थ नीट कळतो. मालकाला जोते चढवून घेता येते, तळमजल्यावरची पोती इशारा मिळताच माडीवर हलविता येतात, खालच्या झडपांना पाणी आत येऊ न देणाऱ्या फळ्या बसविता येतात, किंवा दुकान वरच्या आळीत नेऊन मागची जागा गुरांच्या बाजारासाठी ठेवता येते. यांपैकी बहुतेक उपाय सरकारी हिशेबात ‘पूरनियंत्रण’ म्हणून धरलेच जात नव्हते. नदीकाठचे लोक मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या करीत आले होते. भूगोलज्ञाने लोकांच्या या व्यवहाराची गणना जलशास्त्रीय आकड्यांच्या बरोबरीने करावी, हे व्हाइट यांचे पद्धतिशास्त्रातील मोठे योगदान होय.

दुसरे निरीक्षण ‘तटबंध-परिणाम’ या नावाने ओळखले जाते. तटबंध झाला की त्यामागची जमीन सुरक्षित वाटू लागते, तिची किंमत वाढते, तेथे घरे व कारखाने उभे राहतात. मग तटबंधाच्या क्षमतेहून मोठा पूर आला की पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक नुकसान होते. पूर निसर्गाचा असला तरी नुकसानीचा मोठा वाटा माणसाच्या निर्णयांचा असतो, हा प्रबंधाचा निष्कर्ष.

युद्धकाळ : व्हाइट क्वेकर पंथाचे होते. शस्त्र हाती घेण्यास नकार देऊन ते १९४२ मध्ये मदतकार्यासाठी फ्रान्सला गेले. जर्मनांनी त्यांना बाडेन-बाडेन येथे स्थानबद्ध केले. १९४६ ते १९५५ ते हॅव्हरफर्ड महाविद्यालयाचे अध्यक्ष होते.

शिकागो : १९५६ मध्ये ते शिकागो विद्यापीठात भूगोलाचे प्राध्यापक म्हणून परतले. १९५८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह अमेरिकन शहरांतील पूरमैदानांच्या वापराचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९३६ पासून पूरनियंत्रणावर अब्जावधी डॉलर खर्च होऊनही पूरमैदानांतील वस्ती वाढतच होती आणि नुकसानही घटले नव्हते, असे त्यात दिसून आले. असे का होते, याचा शोध त्यांच्या विद्यार्थ्यांनी घेतला. रॉबर्ट केट्स यांनी टेनेसीमधील लाफॉलेट या लहान शहरात पूरमैदानावरील रहिवाशांना व व्यावसायिकांना प्रश्न विचारले. लोक पुढच्या पुराची कल्पना आपण पाहिलेल्या पुरावरून करतात, त्याहून मोठा पूर त्यांच्या मनात येत नाही, असे केट्स यांना आढळले (१९६२). इयन बर्टन यांनी पूरमैदानावरील शेतीचा अभ्यास केला. संकटाविषयीची लोकांची जाणीव हा भूगोलाचा विषय ठरला तो याच काळात. १९६१–६२ मध्ये व्हाइट अमेरिकन भूगोलज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष होते.

फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने मेकाँग नदीच्या खालच्या खोऱ्याची पाहणी करणाऱ्या मंडळाचे नेतृत्वही त्यांनी केले. धरणांआधी तेथील शेती व समाज यांचा अभ्यास हवा, असे मंडळाच्या १९६२ च्या अहवालात म्हटले आहे. खोऱ्यातील युद्धामुळे या शिफारशींचे पुढे फारसे काही झाले नाही.

१९६६ मध्ये पूरनियंत्रण धोरणाविषयीच्या संघराज्य कृतिदलाचे ते अध्यक्ष होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय पूरविमा योजनेमागे (१९६८) या कृतिदलाचा अहवाल आहे असे सामान्यतः मानले जाते. मात्र जमीनवापरावर बंधन न घालता स्वस्त विमा दिला तर पूरमैदानावरील वस्तीला उलट उत्तेजन मिळेल, असा इशारा त्याच अहवालात होता. योजनेने तो कितपत पाळला, याविषयी मतभेद आहेत. योजनेत शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा हीच एकमेव कसोटी करण्याबद्दलही आक्षेप घेतले गेले आहेत.

पूर्व आफ्रिका : व्हाइट, त्यांच्या पत्नी ॲन आणि वैद्यकतज्ज्ञ डेव्हिड ब्रॅडली यांनी केन्या, युगांडा व टांझानियातील ३४ ठिकाणी घरगुती पाण्याचा अभ्यास केला, तो १९७२ मध्ये ग्रंथरूपाने आला. घरी रोज किती पाणी येते, ते कोण आणते, किती खेपा होतात, त्यात किती शक्ती खर्च होते, याची मोजमापे घेण्यात आली. पाणी वाहणाऱ्या मुख्यतः बायका व मुले. दोन-तीन पाणवठे हाताशी असताना बाई त्यांतला एक निवडते तेव्हा चव, अंतर, चढ, पैसे आणि तेथे येणाऱ्या माणसांशी असलेले संबंध हे सारे तिच्या हिशेबात असते, असे लेखकांनी दाखविले. पाण्याशी निगडित रोगांचे ब्रॅडली यांनी केलेले वर्गीकरण सार्वजनिक आरोग्यात आजही वापरतात : दूषित पाणी पिण्याने होणारे, अंगधुणीला पाणी अपुरे पडल्याने होणारे, पाण्यातील जीवांमार्फत होणारे आणि पाण्याजवळ वाढणाऱ्या कीटकांमार्फत पसरणारे. सुमारे तीस वर्षांनी त्याच ठिकाणी पुन्हा पाहणी झाली, तेव्हा नळ असलेल्या घरांतील दरडोई पाणीवापर घटल्याचे आढळले.

बोल्डर : १९७० मध्ये व्हाइट कोलोरॅडो विद्यापीठात वर्तनविज्ञान संस्थेचे संचालक झाले. १९७६ मध्ये त्यांनी तेथे नैसर्गिक आपत्ती केंद्र स्थापन केले. संशोधक आणि प्रत्यक्ष काम करणारे अधिकारी यांना दरवर्षी एकत्र बसविणे हे या केंद्राचे वैशिष्ट्य. १९७४ मध्ये त्यांनी संपादित केलेल्या नैसर्गिक आपत्तींवरील ग्रंथात गंगेच्या पूरमैदानावर एक प्रकरण आहे. बर्टन व केट्स यांच्यासमवेतचा ग्रंथ १९७८ मध्ये आला. आस्वान धरणाचे परिणाम, जॉर्डन खोऱ्यातील पाणी, अणुयुद्धाचे पर्यावरणीय परिणाम या विषयांवरही त्यांनी काम केले.

टीका : १९७६ पासून, विशेषतः केनेथ ह्यूइट यांनी संपादित केलेल्या १९८३ च्या ग्रंथानंतर, व्हाइट व त्यांच्या विद्यार्थ्यांच्या संप्रदायावर कडक टीका झाली. माणूस पर्यायांतून निवड करतो असे धरून चालल्याने, ज्यांच्यापुढे पर्यायच नसतो अशा गरिबांचा व भूमिहीनांचा विचार मागे पडतो, हा तिचा मुख्य मुद्दा. टीका रास्त आहे. तथापि पूर्व आफ्रिकेतील काम पाहता ती व्हाइट यांच्या सर्वच लेखनाला सारखी लागू होत नाही.

सन्मान : टायलर पुरस्कार (१९८७), अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञानपदक (२०००). बोल्डर येथे त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रात २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखून बांधकामे नियंत्रित करण्याची पद्धत आहे. जमीनवापर बदलण्याच्या व्हाइट यांच्या पर्यायाशी तिचे नाते उघड आहे. कृष्णा–पंचगंगेच्या २०१९ व २०२१ च्या पुरांनंतर सांगली–कोल्हापूरकडील वाद बहुतांशी अलमट्टी धरणाच्या पाणीपातळीभोवती फिरत राहिला. त्यापलीकडे जाऊन आपल्याकडील भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी आठही समायोजने समोर ठेवून एकेका पूरग्रस्त गावाची घरोघर पाहणी करावी. त्या कामासाठी १९४५ मध्ये छापलेला व्हाइट यांचा प्रबंध आजही उपयोगी आहे.