तड्यामागची तडजोड

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डला तडा दिसला की कंपनीने हलका माल वापरला, असे म्हणून आपण मोकळे होतो. इतिहास इतका सोपा नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक गाड्यांचे डॅशबोर्ड रंगवलेल्या पत्र्याचे होते. त्यांना पोचे पडत, गंज लागे, पण उन्हाने ते फाटत नसत. आज आपण ज्या तड्याची तक्रार करतो तो डॅशबोर्ड मऊ झाल्यानंतरचा आहे, आणि तो मऊ झाला माणसांचे चेहरे वाचावेत म्हणून. दुरुस्ती करताना हे लक्षात ठेवले नाही, तर तडा बुजतो आणि डॅशबोर्डचा मूळ हेतूही त्याखाली बुजतो.

या बदलाची मागणी आधी दवाखान्यातून आली. डेट्रॉइटचे प्लास्टिक सर्जन क्लेअर स्ट्रेथ अपघातात चेंदामेंदा झालेले चेहरे दुरुस्त करत. पत्र्याची कड आणि पुढे आलेली बटणे हीच बऱ्याच जखमांची कारणे आहेत, हे त्यांनी १९३०च्या दशकात मोटार कंपन्यांपुढे मांडले. क्रायस्लरने १९३७च्या गाड्यांमध्ये बटणे आत घेतली. १९४८च्या टकर गाडीत डॅशबोर्डला गादी होती, पण त्या गाड्या पन्नासच्या आसपासच बनल्या. फोर्डने १९५६ मध्ये तशीच गादी जादा पैसे घेऊन देऊ केली. म्हणजे सुरक्षितता तोवर हौसेचा मामला होता. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांचे गाड्यांच्या असुरक्षिततेवरचे पुस्तक आले, १९६६ मध्ये अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६८ पासून क्रमांक २०१चे मानक लागू झाले. त्याची कसोटी नेमकी होती: डोक्याच्या आकाराचा गोळा ताशी २४ किलोमीटर वेगाने डॅशबोर्डवर आदळला, तर त्याला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या ८० पटींवर तीन सहस्रांश सेकंदांपेक्षा जास्त काळ टिकता कामा नये. उघड्या पत्र्याला हे जमणे अवघड होते.

मग आत धातूचा सांगाडा, त्यावर पॉलियुरेथेनचा फेस आणि वर व्हिनाइलची कातडी अशी रचना रूढ झाली. व्हिनाइल मुळात कडक. प्लॅस्टिसायझर नावाची तेलकट द्रव्ये मिसळून त्याला मऊ केलेले असते. उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्डचे तापमान ७० अंशांच्या घरात जाते आणि ही द्रव्ये हळूहळू उडून जातात. पुढच्या काचेला आतून धरणारा चिकट थर बराचसा त्यांचाच. द्रव्य गेले की कातडी आकसते. पण ती फेसाला चिकटलेली असल्याने सरकू शकत नाही. साठलेला ताण मग जिथे कोपरा किंवा भोक आहे, म्हणजे स्पीकरची जाळी, हवेच्या खाचा, स्क्रूची जागा, तिथून फुटतो. त्यामुळे मे महिन्यात नागपुरात उघड्यावर उभी राहणारी गाडी सावलीतल्या गाडीच्या आधी तडकते.

यावर कोणी म्हणेल, कायद्याने मऊपणा मागितला होता, व्हिनाइल नव्हे. ते कंपन्यांनी स्वस्तात पडते म्हणून निवडले. हा आक्षेप बराचसा खरा आहे. साच्यातून हवा तो आकार देणारी, चामड्यासारखी दिसणारी ही कातडी कारखान्याच्या सोयीची होती, आणि वीस वर्षांनंतरच्या मालकाचा विचार कोणी केला नव्हता. पण म्हणून पत्र्याचा डॅशबोर्ड बरा होता, असा निष्कर्ष निघत नाही. पत्रा टिकायचा आणि कपाळ फुटायचे. दुसरा आक्षेप असा की सीटचा पट्टा आणि एअरबॅग आल्यावर गादीचे काम संपले. तेही पटत नाही. जुन्या गाड्यांत एअरबॅग नसते, पट्टा न लावणारे कमी नाहीत, आणि पट्टा लावूनही मोठ्या धडकेत गुडघे पुढे आदळतात.

म्हणून दुरुस्तीची पद्धत हा केवळ दिसण्याचा प्रश्न उरत नाही. कडक पुट्टी भरून घासून रंग मारणे सर्वांत स्वस्त, पण उन्हात कातडी आणि पुट्टी वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि भेग शेजारून पुन्हा उघडते. शिवाय मऊ जागी कडक पट्टा तयार होतो. साच्यात बनवलेले प्लॅस्टिकचे कवच वरून चिकटवले तर तडा झाकला जातो, पण पृष्ठभाग कडक होतो. भेगेच्या कडा कापून, लवचीक भराव घालून, वर पोत उठवणे हे वेळखाऊ काम आहे. जुना थर काढून नवा फेस व गरम केलेली व्हिनाइलची चादर निर्वात साच्यावर ओढून बसवणे सर्वांत महाग, पण मूळ रचनेच्या सर्वांत जवळचे. एअरबॅगच्या गाडीत आणखी एक मर्यादा येते: एअरबॅगवरचे आवरण ठरलेल्या रेषेवर फाटावे म्हणून मुद्दाम कमजोर ठेवलेले असते. भारतात पुढच्या प्रवाशासाठी एअरबॅग नव्या मॉडेलांना १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची झाली, त्यामुळे हा प्रश्न आपल्या गॅरेजांमध्ये वाढतच जाणार. तडा एअरबॅगच्या झाकणावर किंवा त्याच्या लगत असेल तर भराव नको, कवच नको. तो भागच बदलावा. इतरत्र दुरुस्ती जरूर करावी, पण मऊपणा राखून.